पोट न फाडता स्वादुपिंडाभोवतीची सड कशी काढतात?

"डॉक्टर, आत सडलंय असं तुम्हीच म्हणता, मग ऑपरेशन करून काढून का टाकत नाही?"

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. पेशंटला ॲडमिट करून दोन आठवडे झालेत, ताप चढ-उतार करतोय, बिलाचा आकडा रोज वाढतोय, आणि राउंडला आलेले डॉक्टर म्हणतात, "अजून थोडं थांबू." ऐकणाऱ्याला वाटतं, यांनी हात टेकले की काय? बहुतेक वेळा तसं नसतं. स्वादुपिंडाच्या या आजाराच्या उपचारात गेल्या वीसेक वर्षांत खूप बदल झालाय. त्याचं सगळं श्रेय तोंडातून आत घालायच्या दुर्बिणीला दिलं जातं, पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा थांबण्याचा आहे. थांबायचं कशासाठी, हे एकदा कळलं की दुर्बिणीचं काम समजायला सोपं जातं.

आधी जागा समजून घेऊ. स्वादुपिंड, म्हणजे ज्याला हॉस्पिटलात सगळे पॅन्क्रियाच म्हणतात, ते जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे आडवं पसरलेलं असतं. लांबी जेमतेम वीतभर. ते इन्शुलिन बनवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम पाचकरस बनवण्याचं. मांस, चरबी, पिष्टमय पदार्थ, सगळं पचवणारा हा रस एरवी लहान आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतो. पित्ताशयातला एखादा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूने स्वादुपिंडाला मार बसला, की तो रस आतल्या आतच जागा होतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. यालाच ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. खडे आणि दारू ही दोन मुख्य कारणं. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स १००० च्या वर गेले तरी हे होऊ शकतं, आणि काही औषधांनी किंवा पित्तनलिकेच्या ईआरसीपी या दुर्बिणीच्या प्रोसिजरनंतरही होतं.

शंभरातले ऐंशीएक पेशंट सलाईन, वेदनाशामक औषधं आणि थोडी कळ काढणं एवढ्यावर आठवडाभरात घरी जातात. उरलेल्या १५ ते २० टक्क्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या स्वादुपिंडाच्या काही भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. हेच नेक्रोसिस. नाव स्वादुपिंडाचं असलं तरी पुष्कळदा त्याच्याभोवतीची चरबीच जास्त मेलेली असते. गळालेला पाचकरस, सुजेचं पाणी आणि हा मेलेला भाग असं सगळं मिळून जठरामागे साठतं. कधी ते डाव्या कुशीतून आतड्याच्या कडेकडेने खाली ओटीपोटापर्यंत उतरतं.

पाणी आणि पाण्यात बुडालेले तुकडे

पॅन्क्रियाटायटिसनंतर पोटात "पाणी झालंय" असं सांगतात तेव्हा ते दोन प्रकारचं असू शकतं. एक म्हणजे जवळपास निव्वळ पाणी. दुसऱ्यात त्या पाण्यात मेलेल्या चरबीचे आणि स्वादुपिंडाचे घन तुकडे असतात. सीटी स्कॅनवर दोन्ही सारखेच करड्या डागासारखे दिसू शकतात. एमआरआयमध्ये किंवा आतून केलेल्या सोनोग्राफीत तुकडे नीट ओळखू येतात. उपचाराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा, कारण पाणी बारीक नळीतून निघून जातं आणि तुकडे तीच नळी बंद करून टाकतात.

या साठ्यांची नावं आणि व्याख्या १९९२ साली अटलांटात ठरल्या, आणि २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. दुरुस्त व्याख्येत चार आठवड्यांची एक सीमारेषा आहे. त्याआधीच्या साठ्याला स्वतःची भिंत नसते. त्यानंतर त्याच्याभोवती तंतुमय, जाडसर आवरण तयार होतं. चारचा आकडा काही पंचांगातून काढलेला नाही. कुणाची भिंत तिसऱ्या आठवड्यात धरते, कुणाची सहाव्या. म्हणून डॉक्टर तारीख न बघता स्कॅन बघतात.

आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, कच्चं गळू फोडू नये, पिकू द्यावं. इथे तसंच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मेलेला भाग जिवंत भागाला घट्ट चिकटलेला असतो, आणि कुठे एक संपतो नि दुसरा सुरू होतो हे डोळ्यांना दिसत नाही. ओढायला गेलं की रक्तस्राव होतो. शिवाय त्या दिवसांत पेशंट आजारी असतो तो मुख्यतः शरीरभर पेटलेल्या सुजेमुळे. किडनी, फुप्फुसं, रक्तदाब, सगळंच डळमळीत असतं. अशा माणसाला टेबलावर घेणं म्हणजे संकटात आणखी भर घालणं. चार आठवड्यांनी मेलेला भाग सुटा व्हायला लागतो, थोडा विरघळतो, आणि भोवतीची भिंत त्याला उरलेल्या पोटापासून वेगळं ठेवते.

पूर्वी सर्जन पोट उघडून हाताने ही सड काढत. दुसरा मार्गच नव्हता. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या एका गटाने २०१० साली ८८ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांचं थेट पोट उघडलं होतं. उरलेल्यांना आधी फक्त नळी घालून पू काढला आणि गरज पडली तरच पुढची पायरी घेतली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. आणखी एक गोष्ट निघाली, जी मला त्या टक्केवारीपेक्षाही मोलाची वाटते: पायरीपायरीने गेलेल्या पेशंटांतल्या ३५ टक्क्यांना नळीखेरीज दुसरं काही लागलंच नाही. म्हणजे मेलेला सगळा भाग बाहेर काढलाच पाहिजे, ही समजूतच चुकीची होती. पू आणि दाब यांना वाट करून दिली की बाकीचं बरंचसं शरीर स्वतः निस्तरतं.

मग त्याच देशातून पुढचा प्रश्न आला: जंतुसंसर्ग झाल्याचं कळताच लगेच नळी घालावी, की भिंत धरेपर्यंत अँटिबायोटिकवर थांबावं? २०२१ साली आलेल्या या अभ्यासात १०४ पेशंट होते. लगेच नळी घालून जास्त फायदा झाला नाही. उलट थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांचं फक्त अँटिबायोटिकवर भागलं.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. या काळात नाकातून आतड्यापर्यंत बारीक नळी घालून अन्न दिलं जातं, कारण आतडं उपाशी राहिलं की त्यातले जंतू बाहेर पडून त्या मेलेल्या भागात घर करण्याचा धोका वाढतो. सलाईनवाटे पोषण देणं हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग. आणि पेशंट खालावतच चालला, तर चार आठवडे पुरे व्हायची वाट कुणी बघत नाही. त्वचेतून सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी घालून वेळ मारून नेली जाते.

कुणाला हात लावायचा, कुणाला नाही

साठा आहे म्हणजे तो काढायचाच, असं नाही. संसर्ग झाला असेल, तर काढायची वेळ येऊ शकते: ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, सीटीमध्ये त्या साठ्यात हवेचे बुडबुडे. हे बुडबुडे संसर्गाची बरीच खात्रीची खूण. साठ्याचा दाब जठरावर येऊन जेवण उलटत असेल, पित्तनलिका दबून कावीळ झाली असेल, किंवा दुखणं हटतच नसेल, तरीही उपचार करावा लागतो. पण पेशंट चालता-फिरता आहे, जेवतोय, ताप नाही, आणि फक्त रिपोर्टवर १२ सेंटीमीटर लिहिलंय, एवढ्यावरून काही करू नये. असे कित्येक साठे काही महिन्यांत आपोआप आक्रसतात. त्यात विनाकारण भोक पाडलं तर निर्जंतुक साठ्यात आपणच जंतू सोडतो. आकड्याला घाबरून घाईने केलेली प्रोसिजर मला या सगळ्या विषयातली सर्वांत वाईट चूक वाटते.

जठरातून वाट

आता दुर्बीण. साठा जठराच्या मागे असतो आणि चार आठवड्यांत त्याची भिंत जठराच्या मागच्या भिंतीला बिलगते. तोंडातून जठरात उतरलं की आपण त्याच्या दारातच असतो. फक्त दार नसतं, ते करावं लागतं.

त्यासाठी साधी एन्डोस्कोपी पुरत नाही, कारण भिंतीपलीकडचं तिला दिसत नाही. वापरतात ती दुर्बीण टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असलेली, म्हणजे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड. पेशंटला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातलेली असते. यामागे कारण आहे: भोक पडताच अर्धा-एक लिटर किंवा त्याहून जास्त घाण द्रव जठरात येऊ शकतो, तो घशातून फुप्फुसात जाता कामा नये.

पडद्यावर करड्या रंगाची पोकळी दिसते, आत पांढुरके तुकडे तरंगत असतात. डॉक्टर रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर सुरू करून रक्तवाहिन्या शोधतात. हा भाग घाईत उरकायचा नाही. प्लीहेची शीर अनेकदा या आजारात गुठळीने बंद झालेली असते आणि मग जठराच्या भिंतीत शिरा फुगून बसतात. त्यातली एखादी वाटेत आली तर जागा बदलावी लागते. दोन भिंतींमधलं अंतरही मोजतात, ते साधारण एक सेंटीमीटरच्या आत हवं.

मग टोकाला विजेवर तापणारी नळी भिंतीतून आत सरकवतात; तिच्यात स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी आखूड नळी, मिटवून ठेवलेला असतो. हा धातूचा स्टेंट आखूड असतो, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद कडा असलेला. पहिली कड पोकळीत उघडते, ती मागे ओढून भिंतीला टेकवतात, आणि दुसरी कड जठराच्या बाजूला उघडते. दोन्ही भिंती मधे पकडल्या जातात, त्यामुळे द्रव पोटाच्या पोकळीत गळत नाही. व्यास १५ किंवा २० मिलिमीटर. पुढच्याच क्षणी पडदा तपकिरी, पुवाळ द्रवाने भरून जातो आणि सक्शनचा आवाज सुरू होतो.

सोनोग्राफीच्या दुर्बिणीने अशी वाट काढल्याची पहिली नोंद १९९२ सालची, हॅम्बुर्गची. तेव्हा त्यातून प्लॅस्टिकची बारीक नळी बसवत. तुकड्यांनी ती तुंबायची. त्या वेळच्या चमूतले केनेथ बिनमोलर यांनीच पुढे हा कडा असलेला रुंद धातूचा स्टेंट घडवला. प्लॅस्टिकच्या नळ्या आजही बाद झालेल्या नाहीत. साठ्यात तुकडे कमी असतील तर त्या पुरतात, आणि स्वस्त पडतात.

स्टेंट बसला की पुन्हा थांबायचं. ताप उतरला, भूक लागली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले तर आत शिरायची गरज नाही. डच डॉक्टरांच्याच २०१८ च्या अभ्यासात दुर्बिणीच्या गटातले ४३ टक्के पेशंट एवढ्यावरच बरे झाले. आराम पडला नाही, तर मात्र पुढची पायरी.

आत शिरून सफाई

ही पायरी म्हणजे स्टेंटमधून दुर्बीणच पोकळीत नेणं आणि मेलेला भाग डोळ्यांनी पाहत ओढून काढणं. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००० साली असे पहिले काही पेशंट जगासमोर मांडले, तेव्हा अनेकांना हे धाडस वाटलं होतं. जठराची भिंत ओलांडून दुर्बीण पोटामागच्या पोकळीत? आज मोठ्या केंद्रांत हे नेहमीचं काम झालंय, सोपं मात्र झालेलं नाही.

आत राखाडी, काळपट, पिवळट थर दिसतात. काही सुटे, काही भिंतीला लोंबकळणारे. हत्यारं बरीचशी उसनी आहेत: मोठ्या आतड्यातले कोंब कापायचा तारेचा फास, कापलेला तुकडा उचलायची छोटी जाळी, दात असलेला चिमटा. तुकडा पकडायचा, स्टेंटमधून ओढून जठरात सोडायचा, पुन्हा आत. जठरात सोडलेले तुकडे बहुतेक तिथेच राहू देतात. ते पुढे सरकून शौचावाटे निघून जातात! नातेवाइकांना हे ऐकून शहारा येतो, पण त्यात अपाय नाही. एका बैठकीत तास-दीड तास सहज जातो, आणि अशा दोन-चार बैठका काही दिवसांच्या अंतराने कराव्या लागू शकतात. खास याच कामासाठी बनवलेलं, फिरत्या पात्याने तुकडे कापत ओढून घेणारं एक यंत्र २०२० साली अमेरिकेत मान्य झालं. ते नसेल तिथे फास आणि चिकाटी.

दोन नियम पाळतात. ओढताना जे सुटत नाही त्याच्याशी झटायचं नाही, कारण त्याच्यामागे रक्तवाहिनी असू शकते. आणि पोकळी फुगवायला साधी हवा वापरायची नाही, कार्बन डायऑक्साइड वापरायचा. हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर जीव जाऊ शकतो; कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो. काही ठिकाणी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने पोकळी धुतात, म्हणजे तुकडे सैल होतात. एक बारीक गोष्ट: अनेक डॉक्टर या काळात ॲसिडिटीच्या गोळ्या बंद करतात. जठरातलं आम्ल स्टेंटमधून आत गेलं तर मेलेला भाग विरघळायला मदतच होते. एरवी सवयीने घेतली जाणारी ती रोजची गोळी इथे कामाच्या आड येते. अर्थात, हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण परस्पर नाही.

स्टेंट घालतानाच पहिली सफाई उरकली तर? या प्रश्नावर अमेरिकेतल्या पाच आणि भारतातल्या एका हॉस्पिटलने मिळून केलेला ७० पेशंटांचा अभ्यास २०२३ साली आला. निवडक पेशंटांत तसं केल्याने पुढच्या बैठका कमी लागल्या. म्हणजे "आधी थांबा" या नियमालाही अपवाद आहेत. पण हे अनुभवी हातांचे निकाल आहेत आणि भिंत धरल्यानंतरचे आहेत, हे विसरता कामा नये.

फायदा नेमका किती?

२०१८ च्या त्या अभ्यासात ९८ पेशंटांची तुलना होती: एकीकडे दुर्बिणीने पायरीपायरीने, दुसरीकडे छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेने पायरीपायरीने. मृत्यू आणि मोठी गुंतागुंत यांत दोन्ही गट सारखेच निघाले. दुर्बीण म्हणजे जीव वाचण्याची हमी, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. हा आजार आजही माणसं नेतो. पण स्वादुपिंडाचा रस त्वचेतून महिनोन्‌महिने झिरपत राहण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के होतं, दुर्बिणीच्या गटात ५ टक्के. दुर्बिणीवाल्यांचा हॉस्पिटलातला मुक्कामही कमी. कमरेला पिशवी लावून वावरणारा पेशंट ज्याने पाहिलाय त्याला या ५ आणि ३२ मधलं अंतर समजावून सांगावं लागत नाही.

दुर्बिणीचा हात सगळीकडे पोचत नाही हेही खरं. साठा डाव्या कुशीतून खाली उतरला असेल तर बाजूने त्वचेतून नळी घालावी लागते, कधी त्याच वाटेने छोट्या छेदातून सफाई. दोन्ही मार्ग एकत्र वापरणं हे अपयश नसून नियोजन असतं.

सर्वांत भीतीचं संकट रक्तस्रावाचं. पाचकरसाने कुरतडलेली रोहिणी फुगते आणि कधीतरी फुटते. तेव्हा जांघेतून किंवा मनगटातून रक्तवाहिनीत बारीक नळी नेऊन ती जागा आतून बंद करतात, आणि हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून पेशंट पुण्या-मुंबईला हलवताना "दुर्बीण आहे का" एवढंच विचारू नये. रेडिओलॉजिस्ट चोवीस तास मिळतो का, सर्जन सोबतीला आहे का, असे किती पेशंट वर्षभरात केले जातात, हेही विचारावं. हलवायचंच असेल तर पेशंट स्थिर असताना हलवावं. आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी बरोबर न्याव्यात, नुसते छापील रिपोर्ट नव्हे.

स्टेंट काढायची तारीख

धातूचा स्टेंट कायमचा नसतो. पोकळी आक्रसली की त्याचं आतलं टोक पलीकडच्या रक्तवाहिन्यांना घासायला लागतं किंवा जठराच्या भिंतीतच रुतून बसतं. स्टेंट जास्त दिवस राहिल्याने रक्तस्राव झाल्याचे प्रकार एका अभ्यासात लक्षात आले आणि तेव्हापासून साधारण तीन आठवड्यांनी स्कॅन करून, पोकळी मिटली असेल तर स्टेंट काढण्याची पद्धत रुळली. अडचण अशी की तोवर पेशंटला बरं वाटत असतं. घरी भाकरी खातोय, शेताकडे एक चक्कर मारून येतोय, आणि पुन्हा एन्डोस्कोपीचा खर्च नको म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. ती ढकलू नये. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढायची तारीख लिहिलेली नसेल तर मागून लिहून घ्यावी.

काहींचं स्वादुपिंड मधोमध मेल्यामुळे शेपटाकडचा भाग मुख्य नळीपासून तुटतो. तो भाग रस बनवत राहतो पण रसाला वाट नसते, आणि साठा पुन्हा होऊ शकतो. अशा वेळी धातूचा स्टेंट काढून तिथे वळलेल्या टोकांची प्लॅस्टिकची नळी कायमची ठेवतात. ती सगळ्यांनाच ठेवायची का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत.

घरी आल्यावर साखर तपासत राहावी. या आजारानंतर मधुमेह नव्याने सुरू होऊ शकतो, कधी कधी काही महिन्यांनी. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल आणि वजन घटत असेल तर पाचकरस कमी पडतोय असं समजावं. त्यासाठी मिळणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवता-जेवता घ्यायच्या असतात. उपाशीपोटी घेतल्या तर उपयोग नाही. कारण खड्यांचं असेल तर साठा मिटल्यावर पित्ताशय काढून टाकावं, नाहीतर दुसरा खडा तयारच असतो. कारण दारूचं असेल तर दारू पूर्ण बंद, "थोडीशी चालेल का" हा प्रश्न विचारूच नये. आणि स्टेंट आत असताना थंडी वाजून ताप आला, काळी शौचाला झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर फॅमिली डॉक्टरांकडे इंजेक्शन घेत न बसता जिथे स्टेंट घातला त्याच हॉस्पिटलात, त्याच दिवशी जावं.